खालचा आवाज

मोरीत पाय घसरला आणि मी धपकन खाली बसले, एवढंच झालं. डोकं आपटलं नाही, हाड मोडलं नाही, बादली कलंडली आणि साबणाचं पाणी उंबऱ्याबाहेर गेलं. असलं पडणं बाईच्या पाचवीला पुजलेलंच असतं. उठायचं, गाऊन पिळायचा, कुणाला सांगायचंसुद्धा नाही. पण त्या सकाळी मला उठता येईना. कमरेत अशी कळ आली की श्वास अर्ध्यावर अडकला. मी 'अहो' म्हणून हाक मारली. मोरीचं दार उघडं होतं आणि तिथून पलंगाची कड आणि पलंगावरून खाली सोडलेले मल्लेशचे पाय दिसत होते. उजव्या पायाचा अंगठा ठेका धरून हलत होता. 'अहो, मी पडले' म्हटलं. अंगठा हलत होता. मग मी ओरडले, घशातनं निघेल तेवढं ओरडले, शेवटी तर 'अरे मल्लेश' असं नावानंसुद्धा, जे नवऱ्याच्या तोंडावर मी कधी म्हटलं नव्हतं. तोंडावर अहो आणि मनात मल्लेश, असाच आमचा संसार. शेजारच्या बाळाबाई हातातलं लाटणं घेऊन तशाच धावत आल्या. खालच्या वर्कशॉपमध्ये कुणीतरी ग्राइंडर बंद करून वर काय झालं म्हणून विचारलं. सगळ्या यादवनगरला ऐकू गेलं म्हणायचं. अंगठा तेवढा हलतच होता, ठेका चुकला नाही.

बाळाबाईंनी काखेत हात घालून मला उठवलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि मल्लेशकडं बघून कपाळाला हात लावला. तेव्हा कुठं त्यानं वर बघितलं. कानांवर ते मोठे काळे हेडफोन, डोळे झोपेतनं उठवल्यासारखे. काय झालं म्हणून त्यानं विचारलं, फार मोठ्यानं, कारण आपला आवाज केवढा निघतोय ते त्याला कळत नाही. मी हातानं खूण केली, काही नाही. त्यानं मान हलवली आणि परत डोळे मिटले. खरं सांगते, मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, भांडण काढलं असतं, अबोला धरला असता. पण ज्याला बोलणंच ऐकू येत नाही त्याच्याशी अबोला धरून कुणाला शिक्षा? मला भीती वाटली. मी त्या मोरीत मेले असते तरी तो अंगठा गाणं संपेपर्यंत हलत राहिला असता. आणि गाणं संपलं की दुसरं लागतंच.

मल्लेश डॉल्बीवाला. कोल्हापुरात मिरवणुकीतल्या आवाजाच्या भिंतीला सगळे डॉल्बीच म्हणतात, मग पेट्या गल्लीतल्या सुतारानं का ठोकलेल्या असेनात. ह्याच्याही तशाच होत्या, प्लायवूडच्या, काळ्या रंगाच्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर खाली बेस, वर टॉप. टॉप कुणीपण वाजवतंय, बेस बांधावा लागतो, असं तो म्हणायचा, आणि तासन् तास पेटीत हात घालून कापूस कुठं कमी, भोक कुठं मोठं हे बघत बसायचा. मंडळाची पोरं म्हणायची, मल्लेशअण्णाचा बेस म्हणजे नाद खुळा, छातीत वाजतोय. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला मी पापाच्या तिकटीला उभी राहून तो ऐकला होता. ऐकला म्हणणं चूक आहे, कानात तो आलाच नाही. आधी पोटात आला, मग बरगड्यांत. गळ्यातलं इष्टलिंग आणि मंगळसूत्र एकमेकांवर थरथरत होतं, आणि मागच्या दुकानाच्या शटरला टेकले तर शटरही थरथरत होतं. मला ते सोसेना. पण ट्रॉलीवर दोन पेट्यांच्या मध्ये मल्लेश उभा होता, डोळे मिटून, दुपारी जेवून कट्ट्यावर पडलेल्या माणसासारखा शांत. त्याला तसं बघून मला वाटलं होतं, ह्या माणसाला माझ्याशिवाय एक जागा आहे. नव्या नवरीला असलं काही कळू नये, पण कळलं खरं.

मग कान जायला लागले. एकदम नाही. आधी कुकरची शिट्टी गेली. मी ओरडायची की भात करपला, तर हा बाजूलाच बसून पेपर वाचतोय. मग दारावरची बेल गेली. मग माझ्या बोलण्याची टोकं गेली, 'साखर' म्हटलं की नुसता 'आ' ऐकायचा आणि चहा घेऊन यायचा. डॉक्टरांनी आलेख दाखवला. खालच्या आवाजापाशी रेघ बरी होती, पुढं मात्र घाट उतरावा तशी सरळ खाली गेलेली. यंत्र दिलं, तर त्यात ताटं-वाट्यांचा खणखणाट यायचा आणि शब्द एकही लागायचा नाही. त्यानं ते कपाटात टाकलं. आणि गेल्या गणपतीत टॉप शिट्टी मारून किंचाळला तेव्हा हा त्याच्या तोंडाशीच उभा होता, त्यात उरलंसुरलं गेलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, बाईमाणसाचा आवाज आता ह्यांना शब्द म्हणून लागायचा नाही, जाड आवाजातला घुमार तेवढा येत राहील. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, बाई, हे औषधानं भरून येत नसतं.

आता गंमत बघा, मी बोलूनच पोट भरते. मध्यवर्ती स्टँडवर कंट्रोलच्या खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते पुकारणारी बाई, ती मी. गडहिंग्लज, नेसरी, चंदगड, शिरोळ, वारणानगर. पार रिक्षा स्टॉपपर्यंत माझा आवाज जातो, झोपलेली म्हातारी माणसं त्यानं दचकून गाठोडं उचलतात. मल्लेश मला तिथंच भेटला. नेसरीची गाडी धरायला आला आणि गाडी सोडून माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. म्हणाला, मॅडम, तुमचा कर्णा चुकीचा जोडलाय, पत्र्याच्या डब्यातनं बोलल्यागत येतंय. तुमचा आवाज असा नसणार. मी म्हटलं, पावणं, तुमची गाडी निघाली. तो म्हणाला, निघू दे की. स्टूल मागून वर चढला, तारा उलटसुलट केल्या आणि म्हणाला, आता बोला. मी बोलले. स्वतःचा आवाज तसा मी आधी कधी ऐकला नव्हता, खाली भक्कम, वर मोकळा. ह्या माणसानं मला माझा आवाज दिला, म्हणून मी त्याच्याशी लग्न केलं, असं मी मैत्रिणींना हसत सांगायची. आता हसू येत नाही. सगळ्या स्टँडला मी ऐकू येते, घरात येत नाही.

हेडफोन घरात आणला संघर्षनं. संघर्ष हा मल्लेशचा धंद्यातला भागीदार, मिक्सरवर बसायचा तो. धंदा बंद पडल्यावर पेट्या त्याच्याकडंच पडून आहेत. बेस अजून लागतोय त्येला वैनी, घेऊ दे की ऐकून, असं म्हणून त्यानं ते काळं धूड मल्लेशच्या कानांवर चढवलं. आणि कितीतरी महिन्यांनी मल्लेशच्या चेहऱ्यावर ते पापाच्या तिकटीचं सुख आलं. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन शिरा केला. कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात, ही तर कानावरच येऊन बसली. सकाळी चहाच्या आधी हेडफोन, जेवताना एक कान बाहेर, तोही माझ्यासाठी नव्हे, घामासाठी. मला वाटलं, ह्यातनं गाणं आत जातंय तर मी का जाणार नाही? मी फोनवर माझं बोलणं भरून, आवाज पूर्ण वाढवून त्याला लावलं. त्यानं कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, भिंतीपलीकडं कोणतरी बोलतंय. पण मी हट्टाला पेटले. हा हेडफोन नसेल तर दुसरा असेल.

म्हणून मी राजारामपुरीतली दुकानं धुंडाळायला लागले. दुकानदार विचारायचे, कुणासाठी पायजे? मी म्हणायची, माझ्यासाठीच. आणि प्रत्येक हेडफोन आधी मी स्वतः कानाला लावून बघायची, डोळे मिटून, मल्लेशसारखी, त्याला आत काय मिळतं ते कळावं म्हणून. एकच गाणं लावायची. नुसतं कानाच्या पाळीत अडकवायचं ते बोंडूक असतं, त्यात बेस नसतोच, बेसचा पत्ता तेवढा असतो. ठोका पडला हे कळतं, लागत नाही. रबरी टोपीचं कानाच्या आत दाबून बसवायचं असतं ते वेगळं. त्यात बेस डोक्याच्या मध्यभागी उभा राहतो, लहानपणी विहिरीत बुडी मारल्यावर कान दाबायचे तसा, आणि मधे श्वास घेतला तर स्वतःचा श्वास, गिळलं तर स्वतःचं गिळणं मोठ्यानं ऐकू येतं. मला त्यात गुदमरायला झालं. टोपी जरा सैल बसली की सगळा बेस पळून जातो, जाडजूड माणूस फटीतनं निघून जावा तसा, आणि मागं नुसतं किरकिरणं उरतं. एकाच्या मागं जाळी होती. त्यात गाणं छान, सुटंसुटं, लांबच्या खोलीत वाजल्यासारखं, पण बेस पडदा हलल्यासारखा येऊन जायचा. ते घरी आणून मल्लेशला दिलं तर त्यानं बेस मेलेला आहे म्हणून परत केलं. एक होतं ते कानात नव्हतंच, कानापुढच्या हाडावर टेकायचं. त्यात बेस म्हणजे नुसती गुदगुली, पिठाच्या गिरणीच्या कट्ट्यावर बसल्यासारखी, दात शिवशिवले. आणि शेवटी परत ते मोठे, बंद, गादीचे. दोन्ही कान पुरे झाकले की आधी बाहेरचं जग जातं, गाणं सुरू व्हायच्या आधीच जातं. मग ठोका येतो तो कानाला नाही, कानाभोवतीच्या हाडाला, जबड्याला, मानेला. गादी गालावर दाबते आणि सोडते, कुणीतरी हात ठेवल्यासारखी. दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, मी डोळे उघडले तेव्हा समोरचा दुकानदार बोलत होता, ओठ हलत होते, आणि मला त्याचं काहीही नको होतं. मल्लेश का बाहेर येत नाही ते मला त्या दिवशी कळलं. मी हेडफोन काढून काउंटरवर ठेवला आणि काही न घेता घरी आले.

घरात आम्ही पाटीवर बोलतो. पोराबाळांची पांढरी पाटी, स्केचपेननं लिहायचं नि हातानं पुसायचं. दूध संपलं. लाईटबिल आलंय. बाळाबाईंच्यात पूजा आहे, जायचं का? तो वाचतो आणि मान हलवतो. सुरुवातीला मी पाटीवर चेष्टाही लिहायची, तो हसायचा. पण पाटीवर चेष्टा किती दिवस चालणार? पाटीवर आवाज चढवता येत नाही, रडता येत नाही. मी मोठ्या अक्षरात लिहिलं तर तो म्हणतो, दिसतंय की मला, डोळे शाबूत हायत. कधी मी त्याच्या पाठीमागं उभी राहून मनात येईल ते बोलते. आधी त्यात मजा वाटायची. एकदा सगळ्या सासरचा उद्धार केला, भाजी चिरता चिरता, आणि तो शांत. मग एके दिवशी बोलता बोलता मीच थांबले. रिकाम्या खोलीत बोलणारी बाई आणि मी ह्यात फरक काय, असं मनात आलं. आमच्या खालच्या वर्कशॉपमध्ये प्रेस आहे, उद्यमनगरातनं माल येतो आणि दिवसभर पत्रा ठोकला जातो, फरशी हलते. मल्लेश अनवाणी पायानं त्या फरशीवर उभा राहतो, कधी भिंतीला तळहात लावून. त्याला प्रेस ऐकू येतो. म्हणजे तो घरात आहे, त्याला घर कळतं, प्रेस कळतो, मी सोडून सगळं कळतं.

आणि अप्पा. अप्पा म्हणजे माझे सासरे भरमाप्पा, नेसरीला त्यांचं किराणा दुकान होतं. त्यांच्याइतका खालचा आवाज मी कुठल्या माणसात ऐकला नाही. सासूबाई म्हणायच्या, हे माडीवर बोलले की खाली तांब्यातलं पाणी हलतंय. घरात त्यांचं सगळं कानडीत. माझ्याशी ते मराठी बोलायचे पण तोलून मापून, साखर बांधून दिल्यासारखं. मल्लेश सांगायचा की लहानपणी तो अप्पांच्या पाठीला कान लावून झोपायचा. अप्पा गिऱ्हाइकांशी बोलत बसलेले असायचे आणि पाठीतनं शब्द येत नसत, नुसता घुमार यायचा, आणि त्यात झोप लागायची. माझा पैला बेस म्हणजे अप्पा, असं तो म्हणायचा. रोज अप्पांचा फोन यायचा आणि सकाळ असो की संध्याकाळ, पहिलं वाक्य ठरलेलं, 'ऊट आतेन?' म्हणजे जेवलास का. मल्लेश म्हणायचा, 'आत, अप्पा', म्हणजे झालं. जेवला नसला तरी म्हणायचा. मग दोघं गप्प, मग फोन बंद. इतक्या वर्षांत माझी कानडी तेवढीच झाली, एक प्रश्न आणि एक उत्तर.

अप्पा गेले ते मल्लेशचे कान अजून बरे होते तेव्हाच्या एका विसर्जनाच्या दिवशी. थोरल्या दिरांनी नंतर सांगितलं, दुकानात बसल्या बसल्या त्यांच्या छातीत दुखायला लागलं, गाडी येईपर्यंत त्यांनी फोन मागून घेतला, स्वतः लावला, कानाशी धरून बसले, ठेवला, परत लावला. मल्लेश तेव्हा महाद्वार रोडवर ट्रॉलीवर होता. त्या कल्लोळात रिंग कुणाला ऐकू येणार, म्हणून फोन थरथरण्यावर ठेवून पँटच्या खिशात घातलेला. डॉल्बीवाले सगळे तसाच ठेवतात. पण बेसच्या पेटीला मांडी लावून उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगाचा कुठला भाग तेव्हा थरथरत नसतो? मिरवणूक पुढं सरकली, त्यानं फोन बघितला, तोवर तिकडनं दिरांचा फोन आला होता. ह्यावर तो फक्त एकदा बोलला, तेराव्याच्या आधी, नेसरीच्या परसात, माझ्याकडं न बघता.

"मांडीला कळलंतं गं. मला वाटलं माझाच बेस हाय."

नंतर कधी नाही. नंतर त्यानं पेट्या वाढवल्या, आणखी मोठ्या केल्या, जणू त्या आवाजाच्या खाली जाऊन काही शोधायचं होतं. मी अडवलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

मोरीत पडले त्यानंतर कंबर शेकत मी रजेवर घरात बसून होते, आणि समोर तो अंगठा. तिथंच माझं ठरलं. वारणानगरला कारखान्याच्या कॉलनीत माझी आई एकटी आहे, वडील गेल्यापासून ये म्हणते. कोडोलीच्या बाजूला बदली मागता येईल. जायचं. पण न सांगता जायचं नाही, आणि पाटीवर लिहून तर नाहीच. 'मी चालले' असं लिहिलं तर तो ते वाचेल आणि दूध संपलं वाचून हलवतो तशीच मान हलवेल. ती मान मला बघायची नव्हती. मला माझ्या आवाजात सांगायचं होतं आणि त्यानं ते ऐकायला हवं होतं, एकदाच. ऐकून तो जा म्हणाला असता तरी चाललं असतं. थांब म्हणाला असता तर मी जन्मभर थांबले असते, त्या अंगठ्यासकट. आणि कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून बसलेली असताना एकदम डॉक्टरांचं बोलणं आठवलं, जाड आवाजातला घुमार येत राहील. माझा आवाज बारीक आहे म्हणून तो आत जात नाही. मग आवाजच जाड केला तर?

संघर्षची सदर बाजारात एक खोली आहे, भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या. रिक्षावर फिरणाऱ्या जाहिराती तो तिथं भरतो, सेल लागला, सर्कस आली. मी त्याला म्हटलं, मला चार वाक्यं भरायची आहेत आणि ती पार खाली न्यायची आहेत, मल्लेशला ऐकू येतील इतकी. त्यानं माइक लावून दिला आणि मी सांगायच्या आधीच बाहेर गेला. स्टँडची सवय जाते कुठं, सुरुवात मी 'प्रवाशांनी लक्ष द्यावं'च्या सुरातच केली. मग थांबले. मग बोलले. अहो, मी वर्षा. मी मोरीत पडले तेव्हा तुम्हाला हाका मारत होते. तुमच्याजवळ बसून मी एकटी पडले आहे, मला आता भीती वाटते. मी सोमवारी वारणानगरला आईकडं चाललेय, परत यायचं मनात नाही. हे तुम्हाला ऐकू आलं तर नुसतं थांब म्हणा. मी थांबेन. एवढंच. रडले नाही, आवाज हलला नाही, पुकारायची सवय.

खाली न्यायचं तर संघर्षला ते ऐकावंच लागलं. तो ऐकत होता आणि माझ्याकडं बघत नव्हता, पडद्यावरच्या रेघांकडं बघत होता. माझा आवाज आधी थोराड बाईचा झाला, मग बाप्याचा, मग म्हाताऱ्या बाप्याचा. कुणी अनोळखी पुरुष मोरीत पडला होता आणि वारणानगरला आईकडं चालला होता. मी म्हटलं, अजून. तो म्हणाला, वैनी, येवढं खाली घेटलं की शब्द चिखलात जात्यात, नुसता घुमार ऱ्हातोय. मी म्हटलं, घे. पेटीतनं निघालेला तो आवाज टेबलाला लागला आणि टेबलावरचा चहाचा कप बशीत किणकिणला. संघर्षनं फाईल माझ्या फोनवर पाठवली. दारापर्यंत आला, चप्पल घालेपर्यंत उभा राहिला, आणि पाटीवर लिवा की सरळ, एवढंच म्हणाला.

रविवारी दुपारी मी मल्लेशचं ताट वाढून झाकून ठेवलं. आमटी, भाकरी, वांगं. कपड्यांची बॅग कपाटामागं भरून ठेवलेली होती. तो पलंगावर बसला होता, हेडफोन मांडीवर, चार्ज व्हायची वाट बघत. मी तो उचलून माझ्या हातानं त्याच्या कानांवर बसवला, केस बाजूला करून, गादी नीट बसली की नाही बघून. फट राहिली तर बेस पळतो. त्यानं माझ्याकडं बघितलं, जरा हसला. मी फोन जोडला. पाटी पेन जवळ घेऊन त्याच्यासमोर खुर्चीवर बसले आणि लावलं.

मी अंगठ्याकडं बघत होते. अंगठा हलला नाही. बोलण्याला ठेका नसतो. मग मी वर बघितलं. त्याच्या कपाळाला आठी पडली, मग ती गेली. दोन्ही हात वर आले आणि हेडफोनवर बसले, दाबून, जसं काही तो निसटून जाईल. तो ऐकत होता. देवाशपथ, तो ऐकत होता. गाणं ऐकतात तसं नाही, माणूस ऐकतात तसं. मी खुर्चीची कड धरली. इतक्या महिन्यांनी मी त्याच्या आत जात होते. त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि गालावरनं गादीत गेलं. ओठ हलले. मी पुढं वाकले. थांब. म्हण, थांब.

"अप्पा," तो म्हणाला.

हळू म्हणाला. जो माणूस वर्षभर ओरडूनच बोलतोय तो हळू म्हणाला, दुसरं कुणी ऐकू नये असं. मग त्याला मी दिसले. त्यानं माझं मनगट धरलं, एक कान सोडवून ती बाजू माझ्या कानाशी आणली, दोघांची डोकी एकमेकांना लागली, लग्नातल्या फोटोतल्यासारखी.

"काय म्हणतायत गं? घुमार येतोय, शब्द लागंनात. तू ऐक की. तू सांग मला."

मी ऐकलं. मला शब्द लागत होते, कारण ते माझेच होते. कानाच्या हाडावर एक म्हातारा माणूस सांगत होता की त्याला भीती वाटते, तो सोमवारी चालला आहे, नुसतं थांब म्हटलं तर तो थांबेल. मल्लेश माझ्या तोंडाकडं बघत होता, पोरगं दुकानाच्या काउंटरपलीकडं बघतं तसा. मी पाटी घेतली. 'ही मी' एवढं लिहिलं. पेन थांबलं. पाटी माझ्याकडं वळलेली होती, त्यानं बघितलं नव्हतं. मी ते तळहातानं पुसलं, हात काळा झाला. मग लिहिलं आणि पाटी त्याच्याकडं फिरवली.

ऊट आतेन?

त्यानं वाचलं. परत वाचलं. हेडफोन दोन्ही कानांवर ओढून घेतला आणि माझ्याकडं नाही, समोरच्या भिंतीकडं बघून मान हलवली.

"आत, अप्पा," तो म्हणाला. "आत."

ताट झाकलेलंच होतं. खाली प्रेस चालू होता, फरशी हलत होती. थोड्या वेळानं आवाज संपला असावा, कारण त्यानं डोळे उघडले आणि बोटानं फोनकडं खूण केली, परत लाव. मी परत लावलं.